वडिलांचा पासपोर्ट, मुलाचे घर

घरातला एक माणूस परदेशाचा नागरिक झाला, तर मागे राहिलेल्यांवर सरकारने किती विश्वास ठेवायचा? लखनौच्या महमूदाबाद घराण्यातील मुलाने या एका प्रश्नापायी जवळजवळ पन्नास वर्षे कचेऱ्यांचे आणि कोर्टाचे उंबरे झिजवले.

लखनौचे हजरतगंज हा मोठा रुबाबदार बाजार. संध्याकाळी तिथे नुसते हिंडायला येणाऱ्यांची संख्या खरेदीला येणाऱ्यांहून जास्त भरेल. या हिंडण्याला लखनौकरांनी ‘गंजिंग’ असा शब्दही काढला आहे. चिकनच्या कुर्त्यांची दुकाने, पुस्तकांची दुकाने, जुन्या धाटणीच्या कमानी आणि सज्जे. पण इथल्या काही इमारतींचा मालक कोण, असे कुणी विचारले तर उत्तर एका वाक्यात देता येत नाही. सरकारदरबारी त्यांची नोंद आहे ‘शत्रू संपत्ती’ अशी. हजरतगंजातली महमूदाबाद मॅन्शन, शहरातलाच बटलर पॅलेस, थेट नैनितालचे मेट्रोपोल हॉटेल आणि अशा नऊशेहून अधिक मालमत्ता या एका घराण्याच्या नावावर होत्या.

आणि ज्याला या मालमत्तेचा वारस म्हणून कोर्टाने मान्यता दिली, तो माणूस जन्माने भारतीय होता, मरेपर्यंत भारतीयच राहिला. दोनदा आमदार म्हणून निवडून आला. तरी त्याचे घर शत्रूचे!

हे कोडे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

एका कुटुंबाची फाळणी

महमूदाबाद हे लखनौपासून जवळ, सीतापूर जिल्ह्यातले संस्थानवजा तालुकदारीचे गाव. घराणे शिया, विद्येचे चाहते. १९१६ च्या डिसेंबरात लोकमान्य टिळक लखनौच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले आणि हिंदू-मुसलमानांच्या राजकीय समझोत्याचा लखनौ करार झाला, तेव्हा मुस्लिम लीगच्या बाजूने त्या समझोत्याला बळ देणाऱ्यांत महमूदाबादचे महाराजा महंमद अली महंमद खान होते. पुढे १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. बॅरिस्टर जिनांशी त्यांचा घरोबा होता.

तो घरोबा त्यांचे चिरंजीव राजा अमीर अहमद खान यांच्या वाट्याला आला आणि त्याचा रंग बदलला. १९१४ साली जन्मलेला हा तरुण राजा मुस्लिम लीगचा खजिनदार झाला. पाकिस्तानच्या मागणीमागे त्याने आपली प्रतिष्ठा आणि पैसा उभा केला. गंमत अशी, की पाकिस्तान झाले तेव्हा तो तिथे लगेच गेला नाही. काही वर्षे इराकमध्ये राहिला. अखेर १९५७ साली त्याने पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले, पण तिथेही त्याचे मन रमले नाही. शेवटची वर्षे लंडनमध्ये गेली. तिथल्या इस्लामिक कल्चरल सेंटरचा तो संचालक होता. १९७३ च्या ऑक्टोबरात लंडनलाच त्याने डोळे मिटले. दफन झाले इराणमधल्या मशहदला. एका माणसाचे आयुष्य किती देशांत विखुरले पाहा: जन्म हिंदुस्थानात, पासपोर्ट पाकिस्तानचा, मृत्यू इंग्लंडमध्ये, माती इराणची.

पण राणीसाहेबा आणि १९४३ साली जन्मलेला मुलगा महंमद अमीर महंमद खान यांनी देश सोडला नाही. मुलगा लखनौच्या ला मार्टिनियर शाळेत शिकला, पुढे केंब्रिजला गेला. गणित आणि खगोलशास्त्र हे त्याचे विषय. घरात आणि गावात त्याला सगळे ‘सुलेमान मियाँ’ म्हणत. वडिलांनी पासपोर्ट बदलला, तेव्हा हा मुलगा चौदा वर्षांचा होता. त्या वयाच्या मुलाला वडील असे निर्णय विचारून घेत नसतात.

१० सप्टेंबर १९६५

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध पेटले. १० सप्टेंबरला, लढाई ऐन भरात असताना, भारत संरक्षण नियमांखाली एक आदेश निघाला. पाकिस्तानी नागरिकांची भारतातली मालमत्ता शत्रू संपत्ती अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. अभिरक्षक म्हणजे सांभाळणारा. या खात्याचा कारभार कित्येक वर्षे मुंबईत, बॅलार्ड इस्टेटमधल्या कैसर-ए-हिंद इमारतीतून चालत असे. १९६८ मध्ये त्यासाठी रीतसर शत्रू संपत्ती कायदा झाला.

त्या वेळी मालमत्ता कागदोपत्री राजा अमीर अहमद खान यांची होती आणि ते पाकिस्तानचे नागरिक होते. तेव्हा सरकारची कृती नियमाला धरूनच होती. दोन्ही देशांनी हेच केले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंद करार झाला तेव्हा अशा मालमत्ता परत करण्याबाबत बोलणी करण्याचे ठरले होते. ती फळाला आली नाहीत. पाकिस्तानने आपल्याकडच्या भारतीयांच्या मालमत्ता १९७१ मध्ये विकूनही टाकल्या. भारताने विकल्या नाहीत, सांभाळल्या. इथपर्यंतचा हिशेब सरळ आहे.

गुंता सुरू झाला तो १९७३ नंतर. ज्याला कायद्याने ‘शत्रू’ म्हटले, तो माणूस वारला. मागे उरला भारतीय मुलगा. आता ती मालमत्ता कोणाची?

कोर्टाची पायरी

सुलेमान मियाँनी १९७४ पासून सरकारकडे अर्ज-विनंत्या सुरू केल्या. १९८१ मध्ये सरकारने चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के मालमत्ता भारतीय वारसाला देण्याचे ठरवले. मात्र आधी वारस असल्याचे कोर्टाकडून सिद्ध करून आणा, असे सांगितले. त्यांनी तेही केले. १९८६ मध्ये लखनौच्या दिवाणी न्यायालयाने त्यांना एकमेव वारस ठरवले. तरीही मालमत्ता मिळाली नाही.

या काळात आणखी एक गोष्ट घडत होती. १९८५ आणि १९८९ अशा दोन निवडणुकांत महमूदाबादच्या मतदारांनी त्यांना काँग्रेसचे आमदार म्हणून विधानसभेवर पाठवले. आमदार होण्यासाठी भारतीय नागरिक असावे लागते. देशाच्या सार्वभौमत्वाशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यावी लागते. विधानभवनात त्यांची शपथ चालत होती. तिथून हाकेच्या अंतरावर असलेल्या हजरतगंजात मात्र त्यांच्या इमारतींवर शत्रूचा शिक्का तसाच होता. त्यांचे सासरे जगत मेहता तर १९७६ ते १९७९ या काळात देशाचे परराष्ट्र सचिव होते. सासरा देशाची गुपिते सांभाळतो आणि जावयाच्या मालमत्तेला सरकार शत्रूची म्हणते, असा हा संसार.

अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले, कारण अभिरक्षकाची कचेरी मुंबईत. २००१ मध्ये तिथे निकाल बाजूने लागला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २१ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायमूर्ती अशोक भान आणि अल्तमस कबीर यांनी निकाल दिला, त्याचा मथितार्थ साधा होता. कायद्यातल्या ‘शत्रू’च्या व्याख्येतून भारतीय नागरिकाला वगळलेलेच आहे. अभिरक्षक हा मालक नव्हे, तात्पुरता सांभाळणारा. मूळ मालक वारल्यावर वारस भारतीय असेल तर मालमत्ता त्याची. ती त्याला परत करा.

चाळीस वर्षांनी किल्ल्या हातात आल्या. सुलेमान मियाँ तेव्हा बासष्ट वर्षांचे होते.

पाच वर्षांचे सुख

हा आनंद पाच वर्षे टिकला. २००५ च्या निकालानंतर देशभरातून अनेक वारस पुढे आले. त्यांत खरे किती, बनावट कागद घेऊन आलेले किती, याची सरकारला धास्ती वाटू लागली. वर्षानुवर्षे जुन्या भाड्यात बसलेले दुकानदार आणि भाडेकरूही धास्तावले होते. जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि मालमत्ता पुन्हा अभिरक्षकाकडे गेल्या. अध्यादेशाची मुदत संपली, संसदेने त्याचा कायदा केला नाही, तरी कुलपे निघाली नाहीत.

पुढचे सरकार दुसऱ्या पक्षाचे आले. पण या एका बाबतीत दोन्ही सरकारांचे मत सारखे. २०१६ या एकाच वर्षात या विषयावर पाच अध्यादेश निघाले आणि मार्च २०१७ मध्ये संसदेने दुरुस्ती कायदा संमत केला. त्याने ‘शत्रू’ शब्दाची व्याख्याच बदलली. आता शत्रूचा वारसही शत्रू, मग तो भारताचा नागरिक असला तरी. अशा मालमत्तेला वारसा हक्क लागू नाही. दिवाणी न्यायालयाचे दार बंद. आणि हे सगळे मागल्या तारखेने, १९६८ पासून लागू. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने ज्या व्याख्येच्या आधारे निकाल दिला, ती व्याख्या जणू कधी नव्हतीच!

सुलेमान मियाँ पुन्हा कोर्टाची पायरी चढले. मालमत्ता परत आल्या नाहीत. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी ते वारले.

हे एका राजाचे दुखणे आहे, सामान्य माणसाला त्याचे काय, असे वाचकांना वाटेल. पण २०२३ मध्ये सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे देशात अशा १२,६११ मालमत्ता आहेत. त्यांतल्या ६,२५५ एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात २०८ आणि चिमुकल्या गोव्यात २९५! गोव्यातून पोटापाण्यासाठी कराची गाठण्याची चाल तशी जुनी. त्या प्रत्येक नोंदीमागे राजवाडा नाही. कुठे दोन खोल्या असतील, कुठे भावांच्या सामाईक वाड्यातला एक हिस्सा. क्रिकेटचे माजी कर्णधार मन्सूर अली खान पतौडी यांच्या आईकडची भोपाळची मालमत्ताही २०१५ मध्ये याच कायद्याच्या कचाट्यात सापडली. कारण काय, तर त्यांची मावशी आबिदा सुलतान १९५० साली पाकिस्तानला गेल्या होत्या.

सरकारची भीती खोटी आहे का?

दुसरी बाजूही तितकीच मोकळेपणाने पाहिली पाहिजे. सरहद्दीपलीकडच्या देशाशी चार वेळा युद्ध झाले. हेरगिरीची प्रकरणे अधूनमधून उघडकीला येतात. नातेवाईक परक्या देशात असले की त्या नात्याचा फास करून माणसाला वाकवता येते, हे जगातली सगळी गुप्तहेर खाती जाणतात. बहिणीला त्रास होईल, असे म्हटल्यावर भला माणूसही डगमगतो. म्हणून संरक्षण, परराष्ट्र, अणुऊर्जा अशा खात्यांत माणूस घेताना त्याच्या गोतावळ्याची चौकशी होते, यात गैर काही नाही.

प्रश्न आहे तो चौकशी कशी करायची याचा. त्याचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात सरकार माणसाला समोर बसवते, विचारते, पडताळते आणि मग ठरवते. दुसऱ्या मार्गात रक्त पाहून शिक्का मारला जातो.

पहिल्या मार्गाचे सुरेख उदाहरण आपल्याच देशात आहे. के. आर. नारायणन १९४९ साली परराष्ट्र सेवेत आले. रंगूनला नेमणूक असताना तिथल्या मा टिंट टिंट या तरुणीशी त्यांची ओळख झाली आणि लग्नाचे ठरले. परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याला परदेशी व्यक्तीशी लग्न करण्याची तेव्हा मुभा नव्हती. पंतप्रधान नेहरूंकडे प्रकरण गेले. त्यांनी खास बाब म्हणून परवानगी दिली. १९५१ मध्ये दिल्लीत लग्न झाले, वधूने उषा हे नाव घेतले आणि भारताचे नागरिकत्वही. नारायणन यांना पुढे चीन आणि अमेरिकेत देशाचे राजदूत म्हणून पाठवण्यात आले. १९९७ मध्ये ते राष्ट्रपती झाले आणि रंगूनची ती तरुणी राष्ट्रपती भवनाची गृहिणी झाली. नियमावर बोट ठेवून कुणी त्या वेळी ‘नाही’ म्हटले असते, तर एका गुणी माणसाला देश मुकला असता, किंवा तो माणूस आपल्या संसाराला मुकला असता.

अमेरिकेतली पद्धतही पाहण्यासारखी आहे. आपल्या मराठी घरांतली कितीतरी मुले तिथे अभियंते आहेत, त्यांतली काही संरक्षण खात्याशी संबंधित कामातही असतात. तिथे गोपनीय कामाची परवानगी देताना परदेशातले नातेवाईक, दुहेरी नागरिकत्व, परदेशातली मालमत्ता यांची बारीक चौकशी होते. पण २०१७ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व असणे हा तेवढ्यानेच अपात्रतेचा मुद्दा होत नाही. नाते किती जवळचे, तो देश कोणता, संबंध किती, माणसाने काही लपवले का, या सगळ्याचा एकत्र विचार करायचा असतो. परवानगी नाकारली तर कारण सांगावे लागते आणि अर्जदाराला आपली बाजू मांडता येते. ठाण्यातली आई मुलाच्या अर्जात अडसर ठरू शकते, पण तिच्याबद्दल विचारले तरी जाते.

महमूदाबादच्या मुलाला असे कुणी समोर बसवून विचारलेच नाही. कोर्टाने विचारले, तेव्हा उत्तर त्याच्या बाजूने आले. मग व्याख्या बदलली. नोकरीच्या चौकशीत माणूस तपासला जातो, या कायद्यात फक्त त्याची वंशावळ तपासली गेली.

आपल्या घरात हा विषय आला तर

आज मराठी घरात एक भाऊ पुण्याला, दुसरा न्यू जर्सीला आणि बहीण मेलबर्नला हे चित्र नवलाईचे राहिलेले नाही. त्यामुळे काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाने नीट समजून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट, भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते. २००५ पासून मिळू लागलेले ओसीआय कार्ड लोक ‘दुहेरी नागरिकत्व’ समजतात, ते तसे नाही. त्यावर देशात येता-राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि सर्वसाधारणपणे सरकारी नोकरीही मिळत नाही. ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक होते, त्यांना तर हे कार्डही मिळत नाही. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टचा विचार करणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मुलाला सैन्यात किंवा शासकीय सेवेत जायचे स्वप्न असेल, तर लिस्बनचा पासपोर्ट हाती येताच त्या स्वप्नाचे दार बंद होते.

दुसरी गोष्ट, स्वतः भारतीय नागरिक असून नातेवाईक परदेशी असणे हा गुन्हा नाही. अमेरिकेतल्या मामामुळे कुणाची सरकारी नोकरी जात नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत शिरताना जो साक्षांकन अर्ज भरून घेतात, त्यात आई, वडील, भावंडे, जोडीदार यांचे राष्ट्रीयत्व आणि जन्मस्थान विचारलेले असते. परदेशात राहणाऱ्या मुलाबाळांचीही माहिती द्यावी लागते. ती संपूर्ण आणि खरी द्यावी. परदेशी व्यक्तीशी लग्न केले, तर केंद्रीय कर्मचाऱ्याने ते तत्काळ सरकारला कळवायचे असते. परराष्ट्र सेवेत तर आधी परवानगी घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लपवू नये. ‘काका कराचीत असतात हे कशाला लिहायचे, उगाच चौकशी मागे लागेल,’ असा सल्ला देणारे हितचिंतक घरोघरी भेटतात. अशा अर्जात माहिती खोटी दिली वा दडवली तर नेमणूक रद्द होऊ शकते. २०१६ मध्ये अवतारसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. ते प्रकरण पोलिसांकडच्या खटल्यांची माहिती दडवण्याचे होते, पण पडताळणी अर्जात खरे लिहिण्याचे बंधन सर्वच रकान्यांना सारखे आहे. काकांमुळे फार तर चौकशी लांबेल, काका लपवले तर मात्र नोकरीवर गदा येईल.

नात्याला सरहद्द नसते

फाळणीने जी कुटुंबे चिरली, त्यांच्या जखमा तिसऱ्या पिढीतही भरलेल्या नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा अटारीच्या फाटकावर आई एका पासपोर्टची आणि लेकरे दुसऱ्या पासपोर्टची अशा ताटातुटी साऱ्या देशाने पाहिल्या. हल्ला करणाऱ्यांचा संताप प्रत्येकाला होता आणि तो रास्तच होता. त्या लेकरांचे रडणेही तितकेच खरे होते.

देश सावध असलाच पाहिजे. सावधपणाने विचारलेल्या प्रश्नांचा सच्च्या माणसाला राग येत नाही. त्याला सलते ते न विचारताच ठरवलेले उत्तर. सुलेमान मियाँना केंब्रिजनंतर परदेशात सुखाने राहता आले असते. वडिलांप्रमाणे पासपोर्ट बदलता आला असता. ते लखनौला परतले, महमूदाबादच्या किल्ल्यात दरवर्षी मोहरमच्या मजलिसी भरवत राहिले, निवडणूक लढवली, भांडले ते आपल्याच देशाच्या कोर्टात आणि आपल्याच देशाच्या कायद्याने. हरल्यावरही त्यांनी दुसरीकडे घर शोधले नाही. निष्ठेचा याहून वेगळा पुरावा सरकारी अर्जाच्या कुठल्या रकान्यात लिहायचा असतो?